५७ वर्षे उशिरा आलेला चषक

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ती दत्तप्रभूंच्या पादुकांमुळे. मात्र ही वाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे त्याला आणि शेजारच्या हातकणंगले भागाला आणखी एक वेड आहे, ते म्हणजे शर्यतींचे. गावोगावच्या जत्रांत बैलगाड्या आणि घोडागाड्या धावू लागल्या, की माळरानावर माणसांची दाटी होते. धुरळा उडतो, आरोळ्या उठतात आणि जिंकणाऱ्या जोडीचे नाव पुढची कित्येक वर्षे पारावर घेतले जाते. शेतीवाडीतून, कष्टकऱ्यांच्या हौसेतून उगवलेला हा खेळ आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हेच स्थान स्टॉक कार शर्यतींना आहे. युरोपातील मोटारशर्यती राजेरजवाड्यांच्या आणि धनिकांच्या पैशावर वाढल्या. स्टॉक कारची शर्यत मात्र खेड्यातल्या गॅरेजमध्ये जन्माला आली. दुकानात विक्रीस ठेवलेली साधी मोटार घ्यायची, तिचे इंजिन खोलून वेगवान करायचे आणि जत्रेच्या मैदानातील लंबगोल मातीच्या ट्रॅकवर ती पळवायची, असे तिचे मूळ रूप होते. या खेळाला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स याच्या पुढाकाराने १९४८ मध्ये 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली. पुढे हा खेळ अब्जावधी डॉलरचा झाला. मात्र त्याच्या मैदानांवर ज्या दक्षिणेची माती होती, त्याच दक्षिणेचा वर्णभेदही तेथे होता.

त्या वर्णभेदाची जात ओळखायला कोल्हापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे जमलेल्या समाजाला तरुण भीमराव आंबेडकरांच्या रूपाने त्यांचा स्वतःचा पुढारी दाखवून दिला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन महाराजांनी घेतलेला चहा हीदेखील त्याच काळातील गोष्ट. या परिषदेनंतर सतरा महिन्यांनी, २९ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात एक मूल जन्मले. वेंडेल ऑलिव्हर स्कॉट हे त्याचे नाव. त्याच्या गावात मात्र कोणी शाहू महाराज नव्हते.

गिरण्यांच्या गावातील मुलगा

डॅनव्हिल हे डॅन नदीकाठचे गाव. कापडगिरण्या आणि तंबाखूच्या वखारी यांच्यावर त्याचे पोट चालत असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणी राज्यांच्या सरकारने एप्रिल १८६५ मध्ये अखेरचा आसरा घेतला तो याच गावात. पराभव होऊन अर्धशतक उलटले तरी गावाला त्या दिवसांचा अभिमान होता. कायद्याने शाळा वेगळ्या, बसगाडीतील आसने वेगळी, पाणी पिण्याचे नळही वेगळे होते.

स्कॉटचे वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांच्या मोटारी चालवीत आणि दुरुस्तही करीत. मोटारीच्या पोटात काय दडलेले असते, हे वेंडेलला त्यांच्याकडून बालपणीच समजले. मोठेपणी गिरणीत किंवा तंबाखूच्या वखारीत मुकादमाच्या हाताखाली राबायचे नाही, असा त्याने निश्चय केला होता. वस्तीतल्या मुलांमध्ये सायकल असलेला तो जवळपास एकटाच होता आणि त्या सायकलवरून तो गोऱ्या मुलांशी शर्यती लावी. शिक्षण अर्धवट सोडून तो टॅक्सी चालवू लागला. १९४३ मध्ये मेरी कोल्सशी त्याचा विवाह झाला. पुढे या दांपत्याला सात अपत्ये झाली.

दुसऱ्या महायुद्धात त्याने युरोपात सैनिक म्हणून सेवा बजावली. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी लष्करात त्या वेळी गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या तुकड्या मात्र निरनिराळ्या होत्या. युद्धावरून परतल्यावर त्याने डॅनव्हिलमध्ये मोटारदुरुस्तीचे गॅरेज थाटले. वाढत्या कुटुंबाला ते उत्पन्न पुरेना, तेव्हा त्याने त्या भागातील बऱ्याच वेगवान चालकांचा जोडधंदा पत्करला. हा धंदा होता हातभट्टीची दारू पोहोचविण्याचा.

रानात गाळलेली ही दारू रात्रीच्या अंधारात शहरात न्यायची, तर मोटार पोलिसांच्या गाडीपेक्षा वेगवान हवी आणि चालकाचे काळीज त्याहून घट्ट. स्टॉक कार शर्यतींतील पहिल्या पिढीचे अनेक नामवंत चालक याच धंद्यात तयार झाले. स्कॉटने आपल्या मोटारीचे इंजिन असे काही सजवले होते, की पोलिसांच्या हाती तो केवळ एकदाच, १९४९ मध्ये लागला. न्यायालयाने त्याला तुरुंगात न पाठविता तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले. त्यानंतरही त्याच्या गाडीची रात्रीची धाव थांबली नाही. शनिवार-रविवारी तो गावातील मैदानावर शर्यती पाहायला जाई आणि कृष्णवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या बाकांवर बसे.

पोलिसांनी केलेली शिफारस

डॅनव्हिलच्या मैदानावरील शर्यती 'डिक्सी सर्किट' ही नॅसकारशी स्पर्धा करणारी लहान संस्था भरवीत असे. तिला प्रेक्षक कमी पडत होते. तेव्हा आयोजकांना एक युक्ती सुचली. गोऱ्या चालकांबरोबर एखादा कृष्णवर्णीय चालक उतरवला, तर तो तमाशा पाहायला लोक येतील, असा त्यांचा हिशेब होता. असा वेगवान माणूस कोण, याची चौकशी त्यांनी थेट पोलिसांकडे केली. पोलिसांनी विचार न करता नाव सांगितले ते वेंडेल स्कॉटचे. ज्यांना तो वर्षानुवर्षे हुलकावणी देत आला, त्यांच्याकडूनच त्याच्या कौशल्याचे पहिले प्रशस्तिपत्र मिळाले.

२३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिल्यांदा शर्यतीत उतरला. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. त्याची जुनी गाडी शर्यत पुरी होण्याआधीच बिघडली. तरीही त्या संध्याकाळी आपले आयुष्य कशासाठी आहे, हे त्याला उमगले. त्या वेळी तो तिशीत होता. दुसऱ्याच दिवशी गाडी दुरुस्त करून तो शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम येथे नॅसकारच्या शर्यतीसाठी गेला. कृष्णवर्णीय चालकांना परवानगी नाही, असे त्याला तेथे बजावण्यात आले. काही दिवसांनी हाय पॉइंट गावी पुन्हा नकार मिळाला. गाडी चालेल, पण चालवायला गोरा माणूस बसवावा लागेल, असे तेथे सांगण्यात आले. विन्स्टन-सेलमहून घरी परतताना वाटेत त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

पण तो घरी बसला नाही. ज्या संस्था त्याला उतरू देत, त्यांच्या शर्यतींत तो उतरू लागला. पहिल्या शर्यतीनंतर जेमतेम बारा दिवसांत लिंचबर्ग येथे त्याने एक छोटी प्राथमिक शर्यत जिंकली. हळूहळू व्हर्जिनियातील मातीचे ट्रॅक त्याच्या ओळखीचे झाले. हुर्यो उडविणाऱ्यांतील काही जण त्याच्या नावाने टाळ्या वाजवू लागले. काही चालक मुद्दाम धडक देऊन त्याची गाडी बाहेर घालवीत, तर काहींना रात्रंदिवस स्वतःच्या हाताने इंजिन जुळविणाऱ्या या माणसाबद्दल आदर वाटू लागला. स्कॉटने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. शिव्या ऐकायच्या, धडका सोसायच्या, पण हात उगारायचा नाही. एक हाणामारी झाली असती, तर त्याला बाहेर काढायला आयोजकांना तेवढे निमित्त पुरेसे होते.

१९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात नॅसकारचे दार अखेर किलकिले झाले. माईक पोस्टन या स्थानिक पंचाने स्कॉटच्या हाती परवाना ठेवला. वरिष्ठांची मर्जी न विचारता त्याने हे धाडस केले होते. त्याआधी आणि त्या सुमारास एखाद-दुसरा कृष्णवर्णीय चालक नॅसकारच्या एखाद्या शर्यतीत दिसून गेला होता. पण या खेळात पाय रोवून उभा राहिलेला पहिला कृष्णवर्णीय स्कॉटच. १९५९ मध्ये त्याने स्पोर्ट्समन गटात व्हर्जिनिया राज्याचे विजेतेपद पटकावले. त्याच वर्षी रिचमंडच्या साउथसाइड स्पीडवेवरही तो अव्वल ठरला. वय ३८ झाले होते. शहाण्या माणसाने याच मुक्कामी समाधान मानले असते. स्कॉटने मात्र सर्वोच्च श्रेणीकडे मोर्चा वळविला.

वापरलेल्या टायरवरची स्पर्धा

ग्रँड नॅशनल ही त्या वेळची नॅसकारची सर्वोच्च शर्यतमालिका. मार्च १९६१ मध्ये साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथे स्कॉट तिच्यात प्रथम उतरला. त्यानंतरच्या तेरा वर्षांत तो या श्रेणीतील ४९५ शर्यतींत धावला. या आकड्यामागची मेहनत समजण्यासाठी त्या खेळाचे अर्थकारण पाहायला हवे.

बड्या चालकांच्या पाठीशी मोटार कंपन्या असत. त्यांच्याकडे नवी इंजिने, ताजे टायर, पगारी मेकॅनिक यांचा ताफा असे. स्कॉटजवळ होते ते डॅनव्हिलमधले स्वतःचे गॅरेज आणि स्वतःची मुले. वेंडेल ज्युनिअर आणि फ्रँक हे मुलगे शाळकरी वयापासून त्याच्यासोबत चाके बदलत, इंधन भरत. मेरी घर आणि हिशेब सांभाळी. गाड्या दुसऱ्यांनी वापरून विकलेल्या असत. इतरांनी टाकलेले टायर आणि सुटे भाग स्कॉट गोळा करी आणि पुन्हा उपयोगात आणी. शर्यतीसाठी शेकडो किलोमीटर गाडी ओढून न्यायची, तेथे स्वतःच ती सज्ज करायची, स्वतःच चालवायची आणि मिळालेल्या बक्षिसातून पुढच्या शर्यतीचा खर्च भागवायचा, असे त्याचे चक्र होते. गाडी मोडली तर पुढचे कित्येक दिवस कुटुंबाची ओढाताण होई. त्यामुळे जिंकण्यासाठी सर्वस्व पणाला लावणे त्याला परवडत नसे. गाडी शाबूत ठेवून शर्यत पुरी करणे, हेच त्याचे पहिले उद्दिष्ट असे. त्याच्या ४९५ शर्यतींपैकी १४७ शर्यतींत तो पहिल्या दहांत आला, त्यांतल्या वीस वेळा पहिल्या पाचांत. दुसऱ्याची उतरलेली गाडी चालविणाऱ्या माणसाने हे साधले होते.

ट्रॅकबाहेरची अडचण वेगळीच होती. दक्षिणेतील बऱ्याच गावांत त्याला उपाहारगृहाच्या मागच्या दाराने जेवण घ्यावे लागे, तर लॉजमध्ये खोली नाकारली जाई. मग सारे कुटुंब गाडीतच झोपून रात्र काढी. काही मैदानांवर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत. मराठी वाचकाला येथे पळवणकर बाळू यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पुण्यातील मैदानावर ज्यांच्या फिरकीने गोऱ्या साहेबांना जेरीस आणले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ज्यांनी शंभराहून अधिक बळी टिपले, त्या बाळूंना चहा मात्र वेगळ्या भांड्यात आणि बाहेर दिला जात असे. गुणवत्ता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. मैदान समान असते, अशी खेळाची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा किती पातळ होती, हे पुण्यात बाळूंनी आणि व्हर्जिनियात स्कॉटने अनुभवले.

१ डिसेंबर १९६३

ते वर्षच अमेरिकेच्या इतिहासात धगधगते ठरले. जूनमध्ये डॅनव्हिलमध्येच समान हक्कांसाठी प्रार्थना करीत जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि पाण्याचे फवारे सोडले. ऑगस्टच्या अखेरीस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली लाखोंचा समुदाय वॉशिंग्टनमध्ये एकवटला. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी, १ डिसेंबरला फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर २०० फेऱ्यांची शर्यत होती.

स्कॉट आला तो नेड जॅरेट या नामवंत चालकाकडून विकत घेतलेली जुनी शेव्हर्ले घेऊन. गाडीवर क्रमांक होता ३४. त्या दिवशी ट्रॅक खडबडीत होता. खड्डे आणि चरे यांनी एकेका गाडीचे अवयव ढिले होत होते. अशा दिवशी नव्या इंजिनापेक्षा गाडी जपून हाकण्याची कला मोलाची ठरते आणि ती कला स्कॉटच्या अंगी मुरलेली होती. आघाडीवर असलेल्या रिचर्ड पेटीची गाडी आजारी पडली आणि पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने त्याला मागे टाकले. मग तो पुढेच राहिला.

त्याच्या हिशेबाने २०० फेऱ्या पूर्ण झाल्या. विजेत्यासाठी हलविला जाणारा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा मात्र हलला नाही. तो धावत राहिला. आणखी दोन फेऱ्या झाल्या. झेंडा हलला तेव्हा विजेता म्हणून नाव पुकारण्यात आले ते बक बेकर या गोऱ्या चालकाचे. बेकरने चषक स्वीकारला, छायाचित्रे निघाली.

त्या काळी फेऱ्यांची नोंद माणसे हाताने करीत. प्रत्येक गाडी समोरून गेली, की कागदावर खूण केली जाई. त्यामुळे चूक होणे अशक्य नव्हते. स्कॉटने लगेच हरकत नोंदविली. कागदांची पुन्हा मोजणी झाली. दोन तासांनी पंचांनी मान्य केले, की शर्यत स्कॉटनेच जिंकली आहे आणि तीही थोड्याथोडक्या फरकाने नव्हे, तर बेकरला दोन फेऱ्यांनी मागे टाकून. तोवर मैदान रिकामे झाले होते. प्रेक्षक घरी गेले होते आणि बेकर चषक घेऊन निघून गेला होता. स्कॉटला विजेत्याच्या बक्षिसाचे पैसे मिळाले. विजेत्याचा सोहळा मिळाला नाही.

अधिकाऱ्यांनी याला नोंदीतील गफलत म्हटले. स्कॉटचा आणि त्याच्या कुटुंबाचा मात्र त्यावर कधीच विश्वास बसला नाही. विजेत्याला चषक देताना सौंदर्यवती तरुणीने त्याच्या गालाचे चुंबन घ्यावे, अशी त्या मैदानावरची रीत होती. गोऱ्या तरुणीने कृष्णवर्णीय पुरुषाचे चुंबन घेतल्याचे दृश्य १९६३ च्या फ्लोरिडातील गर्दीपुढे घडू द्यायचे नव्हते, म्हणूनच गर्दी पांगेपर्यंत निकाल रोखला, असे त्यांचे मत होते. दोन फेऱ्यांची आघाडी एकाही नोंदणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, हे पटण्याजोगे नाही. सर्वांत पुढे असलेला माणूस डोळ्यांना दिसला, पण तो पुढे असू शकतो हे मनाने स्वीकारले नसेल, तरी परिणाम तोच होतो.

नॅसकारच्या दफ्तरात ही शर्यत १९६४ च्या हंगामात मोजली गेली आणि विजेता म्हणून वेंडेल स्कॉटचे नाव नोंदले गेले. सर्वोच्च श्रेणीत शर्यत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय चालक होता. हा त्याचा या श्रेणीतील एकमेव विजय. त्यामुळे त्या दोन तासांची किंमत अधिकच वाढते. ज्याला दोनशे विजय लाभले त्या पेटीच्या आयुष्यात एखादी संध्याकाळ हरवली असती, तर फार बिघडले नसते. स्कॉटच्या वाट्याला तशी संध्याकाळ एकच आली होती.

यशाची वर्षे, न आलेले पाठबळ

जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा संमत झाला. उपाहारगृहांची पुढची दारे कायद्याने उघडली. स्कॉटच्या गॅरेजचे दार ठोठावायला मात्र एकही मोठा पुरस्कर्ता आला नाही. तरीही त्याचा आलेख चढत राहिला. १९६६ मध्ये वर्षभराच्या गुणतक्त्यात तो सहाव्या स्थानावर होता. त्यानंतरच्या तीनही वर्षांत त्याने पहिल्या दहांतील जागा सोडली नाही. चाळिशी ओलांडलेला हा चालक घरच्या मेकॅनिकांसह आणि जुन्या गाडीने कंपन्यांच्या ताफ्यांना झुंज देत होता.

सत्तरच्या दशकात खेळ बदलला. मातीचे छोटे ट्रॅक मालिकेतून वगळले गेले आणि प्रचंड डांबरी ट्रॅक हेच तिचे मुख्य रूप ठरले. तंबाखू कंपनीचा पैसा आला. वेग वाढले, खर्चही वाढले. हाताच्या कसबावर गाडीची उणीव भरून काढण्याची जी सोय मातीवर होती, ती डांबरावर उरली नाही. तेथे गाडी हवी ती उत्तमच. पन्नाशी ओलांडलेल्या स्कॉटने मग आजवर टाळलेली गोष्ट केली. डोक्यावर मोठे कर्ज घेऊन त्याने १९७१ च्या बांधणीची मर्क्युरी मोटार विकत घेतली. आयुष्यात एकदा तरी बरोबरीच्या गाडीने इतरांशी सामना करायचा, ही त्यामागची आस होती.

टॅलाडेगाचा अपघात

अलाबामातील टॅलाडेगाचा ट्रॅक १९६९ मध्ये खुला झाला. एक फेरी २.६६ मैलांची, म्हणजे सव्वाचार किलोमीटरहून थोडी अधिक. वळणांवर रस्ता भिंतीसारखा तिरका, तब्बल ३३ अंशांचा. या उतारामुळे वळणावरही वेग कमी करावा लागत नाही आणि गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास एकमेकींना जवळजवळ चिकटून धावतात. पुढच्या गाडीने हवा फोडली, की मागच्या गाडीला कमी शक्तीत तोच वेग मिळतो. म्हणून कोणी मोकळे अंतर ठेवत नाही. जे शास्त्र वेग देते, तेच एका चुकीचे रूपांतर महाभयंकर साखळीत करते.

६ मे १९७३ रोजी येथे विन्स्टन ५०० ही शर्यत होती. आयोजकांनी त्या दिवशी ६० गाड्यांना प्रवेश दिला. एवढी गर्दी या ट्रॅकवर धोक्याचीच होती. शर्यत सुरू होऊन जेमतेम नऊ-दहा फेऱ्या झाल्या होत्या. रेमो स्टॉट या चालकाच्या गाडीचे इंजिन फुटले आणि तेल रस्त्यावर सांडले. त्या तेलावर मागून येणाऱ्या गाड्यांची चाके सुटली. एक फिरली, तिला दुसरी आदळली आणि क्षणार्धात धूर, धूळ आणि उडणारे पत्रे यांचा पडदा उभा राहिला. मागच्या चालकांना पुढचे काही दिसेना. त्या वेगाला एका सेकंदात गाडी ऐंशी मीटर पुढे जाते. धूर दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत ती त्या धुरात शिरलेली असे.

तब्बल २१ गाड्या त्या ढिगाऱ्यात सापडल्या. नॅसकारच्या इतिहासातील हा अत्यंत मोठ्या अपघातांपैकी एक. स्कॉटची कर्जाऊ मर्क्युरी त्यांतच होती. तिचा अक्षरशः चुराडा झाला. त्याच्या कमरेचे हाड, अनेक फासळ्या, गुडघे आणि पाय मोडले, हात खोलवर फाटला. तो वाचला हेच आश्चर्य होते. शर्यत पुढे चालू राहिली आणि डेव्हिड पिअर्सनने ती जिंकली. स्कॉट त्या वेळी रुग्णालयात होता.

शरीराच्या जखमा भरून येण्याजोग्या होत्या. गाडी मात्र गेली होती आणि कर्ज उरले होते. कंपनीच्या पाठबळावर धावणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी मिळू शकत होती. स्कॉटपाशी तशी सोय नव्हती. आयुष्यभर गाडी जपण्यासाठी ज्याने वेगाला मुरड घातली, त्याची सर्वांत चांगली गाडी दुसऱ्याच्या फुटलेल्या इंजिनाने हिरावून नेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हाडे पुरती सांधलीही नसतील अशा अवस्थेत, तो शार्लट येथे पुन्हा उतरला आणि बारावा आला. वय ५२ होते. ही त्याची सर्वोच्च श्रेणीतील अखेरची शर्यत ठरली.

गॅरेजमधली अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर स्कॉट डॅनव्हिललाच राहिला. गावातल्या लोकांच्या मोटारी दुरुस्त करणे, हा त्याचा उदरनिर्वाह होता. १९७७ मध्ये त्याच्या जीवनावर 'ग्रीज्ड लाइटनिंग' हा हॉलिवूडचा चित्रपट झळकला. विनोदी अभिनेता रिचर्ड प्रायर याने स्कॉटची भूमिका केली. पडद्यावर नायकाला त्याचा विजय सुखासुखी लाभला. प्रत्यक्षातला नायक तेल माखलेल्या हातांनी बॉनेटखाली वाकलेलाच राहिला. जॅक्सनव्हिलच्या चषकाची आठवण मात्र त्याला अखेरपर्यंत होती. तो आपल्याला मिळेल, अशी आशा तो घरच्यांजवळ बोलून दाखवी. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. वय ६९ वर्षांचे होते.

मान्यता आली ती हप्त्याहप्त्याने. गावातील एका रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलच्या शर्यतप्रेमींनी त्याच्या कुटुंबाला चषकाची प्रतिकृती दिली. जानेवारी २०१५ मध्ये नॅसकारच्या मानवंदना दालनात त्याचा समावेश झाला. तेथे स्थान मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. आणि २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी, डेटोना येथील भर मैदानात नॅसकारने स्कॉट कुटुंबाच्या हाती १९६३ च्या शर्यतीचा चषक ठेवला. ज्या गर्दीपासून तो विजय लपविला गेला होता, तशाच गर्दीसमोर त्याची कबुली दिली गेली. वडिलांच्या गाडीची चाके बदलणारी मुले तोवर स्वतः म्हातारी झाली होती.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी बबा वॉलेस या चालकाने नॅसकारच्या सर्वोच्च श्रेणीतील शर्यत जिंकली. स्कॉटनंतर हे साधणारा तो पहिला कृष्णवर्णीय. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन सहमालक असलेला संघ त्याच्या पाठीशी होता. पावसामुळे शर्यत मध्येच थांबविण्यात आली आणि त्या क्षणी आघाडीवर असलेल्या वॉलेसला विजेता घोषित करण्यात आले. चषक त्याला तेथेच, त्याच दिवशी मिळाला. ही शर्यत झाली ती टॅलाडेगाच्याच ट्रॅकवर. जेथे वेंडेल स्कॉटची गाडी आणि कारकीर्द मोडून पडली होती, तेथे पहिल्या क्रमांकाने आलेल्या माणसाला पहिला म्हणायला या वेळी कोणाला दोन तास लागले नाहीत.